निर्मितीकाका

रविवारची साडेसातची मिस्सा सुटली की आमच्या चर्चच्या आवारात माणसांचे तीन घोळके होतात. बायका ग्रोटोपाशी, तरुण मंडळी मोटारसायकलींपाशी आणि आम्ही निवृत्त लोक आंब्याखाली. निर्मितीकाका यांपैकी कुठल्याच घोळक्यात नसतात. ते अजून आतच असतात, पंखे बंद करत. शेवटचं गाणं सुरू झालं की ते बाकावरून उठून हळूहळू बटणांच्या फळ्याकडे सरकू लागतात, आणि 'आमेन' व 'खट्' एकदमच ऐकू येतं. ऑर्गन वाजवणाऱ्या मुलीचं शेवटचं कडवं त्यांच्यापायी कितीदा तरी अर्धवट राहिलंय. तिनं तक्रार केली तेव्हा काकांनी चष्म्यावरून बघत एवढंच सांगितलं, "दोनशे अकरा."

वसईत नव्यानं आलेल्या माणसाला हा बसचा नंबर वाटेल. आम्हाला मात्र तो आता पाठ झालाय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली जगाला उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलं, 'लाउदातो सी'. विषय, आपलं सगळ्यांचं सामायिक घर म्हणजे ही पृथ्वी. त्यात २४६ परिच्छेद आहेत. बहुतेक धर्मग्रामांत ते पुस्तक मोठ्या आदरानं कपाटात ठेवलं गेलं. आमच्याकडे ते काकांच्या हाती लागलं. दोनशे अकराव्या परिच्छेदात पोपसाहेबांनी अगदी घरगुती गोष्टी सांगितल्यात: प्लॅस्टिक कमी वापरा, पाणी जपा, कचरा वेगळा करा, लागेल तेवढंच शिजवा, एकाच गाडीतून मिळून जा, झाडं लावा, नको असलेले दिवे मालवा. रोममध्ये बसलेल्या माणसानं आपल्या मनातलं असं नेमकं ओळखावं, याचं काकांना जे भरतं आलं ते अजून ओसरलेलं नाही.

त्यांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, पण ते आता फक्त काकूच घेतात, आणि तेही रागावल्या तरच. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे आसिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, जगभरचे ख्रिस्ती लोक देवाच्या निर्मितीची, म्हणजे सृष्टीची, आठवण ठेवणारा निर्मितीकाळ पाळतात. आमच्या धर्मग्रामात तो कधी आला नि कधी गेला हे कुणाला कळतही नसे. काकांनी फादरांच्या मागे लागून एका वर्षी प्रत्येक रविवारी मिस्सेनंतर त्याची सूचना वाचायला मिळवली. ती सूचना प्रवचनापेक्षा लांब असे. चौथ्या रविवारी मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "आले निर्मितीकाका," आणि बारसं झालं.

काका रेल्वेत सिग्नल खात्यात होते. नोकरी संपली तरी जगानं लाल दिव्यापाशी थांबलं पाहिजे, ही त्यांची अपेक्षा संपली नाही. खांद्याला जुन्या पँटची शिवलेली पिशवी. तिच्यात एक स्टीलचा पेला (लग्नात प्लॅस्टिकचा ग्लास पुढे आला की तो बाहेर निघतो), एक कापडी पिशवी दुसऱ्याला द्यायला, एक शिंप्याची पट्टी आणि बियांची पुडी. पट्टी कशाला, असं तुम्ही विचाराल. ती पापलेटासाठी. २०२३ साली शासनानं पापलेटाला राज्यमासा केलं, तेव्हापासून काका बाजारात छोटं पापलेट दिसलं की पट्टी लावून मोजतात आणि कोळणीला सांगतात, "बाय, हे अजून पोर आहे. याला पोरं होऊ दे, मग पकड." एकदा कोळणीनं कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, तुजी पट्टी घरी ठेव. नायतर पयली माजी जीब मोज." काका हसले, मोजलं नाही, आणि बोंबील घेऊन घरी आले. बोंबलांविषयीही त्यांचं म्हणणं आहेच. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाचा पाऊस आला तेव्हा वलांडीवर वाळत घातलेले बोंबील भिजून कसे वाया गेले, हे ते जेवताना सांगतात. त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला गेलेला माणूस बोंबील जरा अपराधी मनानंच खातो.

काकूंचं दुःख वेगळं आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात तीन बादल्या आहेत आणि कुठल्या बादलीत काय टाकायचं याची परीक्षा पाहुण्यांनाही द्यावी लागते. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं केळीला, भांडी धुतलेलं अळवाला. "लग्नात यानं मला सोन्याची माळ घातली," त्या सांगतात, "आणि साठीला खताचं पिंप दिलं. वर रिबीन बांधून!" एकदा काका त्यांना परिच्छेद वाचून दाखवत होते. काकूंनी पोळी उलटत विचारलं, "त्या दोनशे अकरात बायकोच्या हाताखाली चार भांडी घासा, असं नाही लिहिलंय?" काकांनी चष्मा लावून खरोखरच पान पुन्हा तपासलं. नव्हतं. पण त्या दिवसापासून रात्रीची भांडी ते घासतात, तीही नळ बंद ठेवून.

उपवासकाळ हा काकांचा खरा हंगाम. इतर लोक चाळीस दिवस दारू सोडतात, मटण सोडतात. काका दुसऱ्यांना काय काय सोडायला लावता येईल याची यादी करतात. "शुक्रवारी मटण नाही म्हणून सुरमई तळायची, हा कसला उपवास?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. राखेच्या बुधवारचा मात्र त्यांना मनापासून अभिमान आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या झावळ्या जमा करायच्या, जाळायच्या आणि त्यांचीच राख कपाळाला लावायची, हा चर्चचा जुना रिवाज. "पुनर्वापर म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये, आम्ही तो कपाळावर मिरवतो!" असं ते सांगतात, आणि मग सायकल काढून क्रुसामागे, फोटोमागे, टीव्हीमागे अडकवलेल्या वाळक्या झावळ्या घरोघर मागत फिरतात. नव्या इमारतींमधल्या लोकांना सुरुवातीला वाटलं, वर्गणीवाला आला.

त्यांच्या मोहिमांना यश येतं, पण ते नेहमी भलत्याच जागी येतं. पाणी वाया घालवणं हेही पापच, असं त्यांनी पहिल्या कम्युनियनच्या मुलांना एकदा शिकवलं. त्यात तथ्य आहे. कॉन्स्टॅन्टिनोपलचे कुलपिता बार्थोलोम्यू यांनी निसर्गाविरुद्धच्या गुन्ह्याला पापच म्हटलंय आणि पोपनीही त्यांचा दाखला दिलाय. "परिच्छेद आठ," हे काकांनी सांगायला नकोच. मुलांनी धडा चांगला घेतला. माझा नातू मला खाजगीत म्हणाला, "आजोबा, मी कुमसाराला फक्त नळाचंच पाप सांगतो. दुसरं सांगितलं की फादर जास्त प्रार्थना लावतात."

त्याच मुलांना काकांनी भेट म्हणून एकेक रोप द्यायला लावलं. पूर्वी रंगीत फोटोफ्रेम मिळायची. रोप दिलं, टाळ्या झाल्या, सगळे विसरले. काका विसरले नाहीत. पुढच्या मे महिन्यात वही घेऊन ते दारोदार हजर. "झाड कुठंय?" लोकांची तारांबळ उडाली. एका आळीत तीन कुटुंबांनी त्यांना एकच जांभूळ दाखवलं. तिघांनी तीन बाजूंनी दाखवलं, म्हणून पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं नाही. घरी वही बघताना जागा जुळेना, तेव्हा पत्ता लागला. रागावले असतील असं आम्हाला वाटलं, पण त्यांनी वहीत त्या जांभळासमोर तिन्ही मुलांची नावं लिहिली आणि पाणी घालायचे वार वाटून दिले. ते झाड आता पहिल्या मजल्याच्या वर गेलंय.

पॅरिश कौन्सिलमध्ये काका नाहीत. तरी कौन्सिलची सगळी गाजलेली भांडणं त्यांच्याशीच झालीत. सगळ्यांत मोठं भांडण एसीचं. एका दानशूर कुटुंबानं वडिलांच्या स्मरणार्थ चर्चला एसी द्यायचं कबूल केलं, संगमरवरी पाटीसकट. काका पायऱ्यांवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक सभासदाला एक आकडा सांगत होते. पंचावन्न. पंचावन्नाव्या परिच्छेदात घातक सवयींचं उदाहरण म्हणून पोपनी नेमका एसीच घेतलाय. सभेत दानशूर गृहस्थ म्हणाले, "पोपना काय होतंय सांगायला, तिकडे थंडीच असते. जग तापवलं अमेरिकेनं, अमेरिकेला सांगा." दारातून आवाज आला, "सांगितलंय. २०२३ साली. 'लाउदाते देउम', परिच्छेद बहात्तर. अमेरिकेतला एक माणूस चीनमधल्या माणसाच्या दुप्पट धूर सोडतो आणि सर्वांत गरीब देशांतल्या माणसाच्या सातपट." सभा शांत झाली. म्हणजे पटलं म्हणून नव्हे, तर आता हे आणखी किती आकडे सांगणार, या भीतीनं.

शेवटी काकांनीच तोड काढली. पोर्तुगीजांच्या वेळच्या धाटणीची आमची इमारत, छत उंच, भिंती जाड, आणि दोन्ही अंगांना वरच्या खिडक्या. त्या खिडक्या पिढ्यान्पिढ्या रंगाचे थर बसून चिकटून गेल्या होत्या. काकांनी दोन सुतार आणि चार तरुण लावून त्या खरवडून उघडल्या. वारा आला हे खरं. वाऱ्याबरोबर कबुतरं आली हेही खरं. पुढच्या रविवारी एक कबूतर प्रवचनाच्या ऐन मध्यावर वेदीवरून उडत गेलं, तेव्हा फादर क्षणभर थांबून म्हणाले, "निर्मितीच आहे," आणि पुढे बोलू लागले. नंतर जाळ्या बसवल्या. दानशूर कुटुंबानं मोठे पंखे दिले. संगमरवरी पाटी लागलीच. तिच्यात एसीचा उल्लेख नाही एवढंच.

पण काकांना मी खरं कोंडीत सापडलेलं बघितलं ते सौरऊर्जेच्या वेळी. ही मागणी त्यांचीच. व्हॅटिकननं २००८ सालीच पोपच्या सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या, आपण काय करतोय, असं ते वर्षानुवर्षं विचारत आले होते. पैसे जमले. कंपनीचा पोरगा छपरावर चढला, उतरला आणि म्हणाला, "सर, ऊन मस्त आहे. फक्त हा आंबा तोडावा लागेल." आम्ही सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आंब्याकडे पाहिलं. एरवी प्रत्येक गोष्टीला परिच्छेद असलेला माणूस गप्प झाला. काकू सांगतात, दोन रात्री ते पुस्तक उशाशी घेऊन चाळत होते आणि मध्येच उठून "दोन्ही बाजूंनी लिहिलंय गं" असं म्हणत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांच्या दारात उभे. शाळेचं छप्पर मोकळं होतं. सौरपट्ट्या शाळेवर बसल्या, चर्चपर्यंत वायर ओढण्याचा जास्तीचा खर्च काकांनी निवृत्तिवेतनातून भरला. त्याची पाटी मात्र कुठे लागली नाही. आंबा आहे तिथेच आहे. आम्ही त्याखालीच उभे राहून काकांची टिंगल करतो.

आता त्यांचीही गोम सांगतो, नाहीतर हे संतचरित्र व्हायचं. काका इस्राएलच्या यात्रेला विमानानं जाऊन आले, आणि येताना यार्देन नदीचं पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीतून घेऊन आले. वर्षभर आम्ही त्यांना त्यावरून सोडलं नाही. त्यांचं उत्तर असं की ती बाटली ते अजून वापरतात. वापरतातही. तिच्यावरचं लेबल केव्हाच गेलं, आता तीत फिनेल असतं. शिवाय त्यांना घाई फार. नाताळच्या गोठ्यात थर्माकोल नको म्हणून त्यांनी ओला पेंढा आणि केळीची सोपटं आणली. तिसऱ्या राजाच्या पायाखाली अळंबी उगवली. आणि ज्या वसईतली फुलं रोज पहाटेच्या लोकलनं दादरला जातात, त्या वसईतल्या चर्चच्या वेदीला दादरहून आणलेली जरबेराची फुलं लागतात, यावर ते इतकं बोलले की फुलांची समिती राजीनामा द्यायला निघाली. मुद्दा बरोबर होता. तरी एखादा मुद्दा माणसानं एकदा मांडून खाली बसावं, ही कला त्यांना येत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र ते कधी आकडा सांगत नाहीत. बावखलांबद्दल. वसईच्या वाड्यांमधून पूर्वी जागोजाग गोड्या पाण्याची ही तळी असत. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं, विहिरी गोड ठेवायचं, आणि त्याच पाण्यावर पानवेली, केळी, मोगरा पोसला जायचा. मग जमिनीला भाव आला. बावखल म्हणजे भरणी करून मिळणारा फुकटचा प्लॉट. शिवाय टँकर भरायला विहिरींतून उपसा इतका झाला की समुद्राकडच्या बाजूला पाणी मचूळ झालं. टँकरवाल्यांविरुद्ध आणि वसईच्या शहरीकरणाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं लढा उभारला, तेव्हा काका तरुण होते आणि मोर्चांत चालले होते. दिब्रिटो पुढे २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ साली गेले. काका त्यांच्याबद्दल बोलताना 'लाउदातो सी' विसरतात. "आमच्याकडे हे पत्र येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं," एवढंच म्हणतात.

त्यांच्या कपाटाच्या दाराआतून एक नकाशा चिकटवलाय. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेला. रस्ते पेन्सिलीनं, बावखलं निळ्या बॉलपेननं. भरणी झालेल्यांवर लाल फुली आणि खाली बारीक अक्षरात आता तिथे काय आहे ते: रो-हाऊस, हॉल, गॅरेज. लाल फुल्या निळ्यापेक्षा जास्त आहेत. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, दिवे गेले, गाड्या बंद पडल्या, तेव्हा काका हाच नकाशा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून (हो, प्लॅस्टिकमध्ये) फादरांकडे गेले आणि कुठल्या आळीतल्या म्हाताऱ्यांना आधी हलवायचं ते त्यांनी बोट ठेवून सांगितलं. पाणी नेमकं फुल्यांवर चढत होतं. त्याला जुनी जागा आठवत होती आणि काकांनाही.

पाणी ओसरल्यावर फादरांनी पहिल्यांदा आपण होऊन विचारलं, "काका, काय करू या?" काका म्हणाले, "एक बावखल साफ करू या." कुठलं, हा प्रश्न होता. उरलेल्यांत चर्चजवळचं एक होतं, दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यात अडकलेलं, जलपर्णीनं गच्च. भावाभावांच्या भांडणानं वसईतली जेवढी बावखलं वाचवली असतील, तेवढी कुठल्या समितीला वाचवता आली नसतील! काका दोन्ही भावांकडे वेगवेगळे गेले. प्रत्येकाला काय सांगितलं ते त्यांनाच ठाऊक, पण दोघांनीही परवानगी दिली, दुसऱ्याला कळू देऊ नका या अटीवर. मग रविवारी मिस्सेनंतर युवक संघाची पोरं उतरली. जलपर्णी ओढून काढायची, काठावर वाळत टाकायची, खालचा काळा गाळ टोपल्यांनी वर द्यायचा. काका गुडघाभर चिखलात. तोंडानं अखंड सूचना. गाळ कुणाच्या केळीला जायचा यावरून काठावर दोन्ही भाऊ भांडले. बऱ्याच वर्षांनी समोरासमोर भांडले, त्यामुळे त्यातून निम्मी वाटणी तिथेच झाली. पुढच्या पावसात बावखल भरलं. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी गोड झालं की नाही, यावर मतभेद आहेत. काकांच्या मते झालं. काकूंच्या मते, "चहाला जरा बरं लागतं."

बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवानं माणसाला बाग मशागतीला आणि राखणीला दिली, असं आहे. आमच्या धर्मग्रामात मशागतीला सगळे तयार असतात. ५ जूनला रोप, कुदळ, बॅनर, नगरसेवक, फोटो, सगळं असतं. त्यातले दोन खड्डे तर दरवर्षी तेच असतात. राखणीला एकच माणूस येतो, एप्रिलच्या उन्हात, दोन बादल्या घेऊन. पंख्यांची बटणं बंद करून समुद्र मागे हटणार नाही, हे या माणसाला तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कळंब, राजोडीच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडं लाटांनी उन्मळून पडलेली त्यानं पाहिलीत. तरीही तो बटणं बंद करतो आणि आपल्यालाही करायला लावतो. वैताग येतो तो यामुळेच.

तुमच्याही धर्मग्रामात असा एखादा असेल. ख्रिस्ती नसाल तर देवळाच्या ट्रस्टमध्ये किंवा सोसायटीत असेल. कौन्सिलची निवडणूक जवळ आली की आमच्याकडे कुणीतरी सुचवतंच, काकांना पर्यावरण समितीचं अध्यक्ष करा, म्हणजे गप्प बसतील. कृपा करून करू नका. अध्यक्षाला बैठका असतात, इतिवृत्त असतं, सत्काराची शाल असते, आणि काका इतिवृत्त पाठकोऱ्या कागदांवरच लिहायला लावतील ते वेगळंच. त्यांना द्यायचंच असेल तर पाण्याचा एक लांब पाईप घेऊन द्या. चर्चचा पाईप कमी पडतो. कंपाउंडच्या कडेच्या शेवटच्या तीन करंजांपर्यंत तो पोचत नाही.